छावणीची चूल आणि गावची पंगत



व्याख्यानमालेच्या चालकांनी दूरध्वनीवरून आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही ‘कढी’ असे सांगितले. त्यांनी ‘कोंडी’ असे ऐकले आणि मोठ्या समाधानाने लिहून घेतले. कारण कामगार चळवळीतल्या माणसाने बोलायचे ते कोंडीवरच, अशी सर्वांची समजूत. पत्रिका छापण्यापूर्वी चूक दुरुस्त झाली. तरी आजच्या बोलण्यात दोन्ही गोष्टी येतील, हे आधीच सांगून ठेवतो.

आमचे शाळेतले शिक्षण आठवीवर थांबले. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि कारखान्यांच्या दारांवर. गेली तीस वर्षे सभा, संप, वर्धापनदिन आणि जयंत्या यांच्या निमित्ताने माणसे एकत्र जेवायला बसवण्याचे काम आमच्याकडे आहे. त्या कामात लक्षात आले की आमच्या तीन गावांचा, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांचा खरा इतिहास पातेल्यात शिजलेला आहे. तो कोणी लिहिलेला नाही, म्हणून आम्ही हे धाडस करतो.

कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसले की अर्ध्या तासात ही तिन्ही गावे मागे पडतात. इतकी जवळ असून त्यांचे जन्म किती निराळे! अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. शिलाहार राजांच्या काळचा शिलालेख त्याची साक्ष देतो. बदलापूर हे भाताच्या खाचरांचे, वालाचे आणि जांभळांचे गाव. त्याच्या शिवारातून १८५६ साली आगगाडी गेली. आणि उल्हासनगर? ते युद्धाने जन्माला घातले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर लष्करासाठी बराकी उभ्या राहिल्या. युद्ध संपले, सैनिक गेले, बराकी उरल्या. तेवढ्यात देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून नेसत्या वस्त्रानिशी आलेल्या सुमारे एक लाख माणसांना सरकारने या बराकींत आणून ठेवले. पुष्कळसे कराचीहून बोटीने आले. १९४९ च्या ८ ऑगस्टला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि ‘कल्याण कॅम्प’चे ‘उल्हासनगर’ झाले. लोकांच्या तोंडी मात्र कॅम्प नंबर एक, कॅम्प नंबर चार, हीच नावे राहिली ती आजतागायत.

लष्करी बराक म्हणजे लांबलचक दालन. तीत सैनिकाने झोपायचे. स्वयंपाक वेगळ्या ठिकाणी, शेकडोंचा एकदम. आता त्याच दालनात चादरी आणि गोणपाटे टांगून एकेका कुटुंबाचा संसार मांडला गेला. पडद्याला भिंतीचा गुण नसतो. शेजारी काय रटरटते आहे ते नाकाला कळतेच. सिंधमध्ये ज्यांची घरे चौकाची होती, ज्यांच्या स्वयंपाकघरात परक्याचे पाऊल पडत नव्हते, त्यांच्या फोडणीचा वास आता पाच कुटुंबांत वाटला जाऊ लागला. रेशन सर्वांना सारखे. आणि सारख्या धान्यातून जो तो आपल्या गावचे जेवण पुन्हा उभे करू पाहत होता. शिकारपूरचा शिकारपूरचे, हैदराबादचा हैदराबादचे.

त्यांनी काय आणले? कणकेत कांदा-मिरची घालून केलेली जाड ‘कोकी’. आमच्या थालीपिठाची चुलत बहीणच. हरभऱ्याची डाळ आणि तिच्याबरोबर मैद्याचा कडकडीत ‘पकवान’. पालक, चुका आणि डाळ एकजीव घोटलेली ‘साई भाजी’. सिंधच्या तळ्यांची आठवण म्हणून कमळाचे देठ. त्यांना ते ‘भी’ म्हणतात. शिळी पोळी हिरव्या मसाल्यात शिजवून केलेली ‘सेयल मानी’. आमच्याकडे पोळीचा कुस्करा करतात तो याच गरजेतून. पाहुणा आला की आधी पाणी आणि पापड. हा पापड पुढे कॅम्पाचा व्यवसाय झाला. घरोघर बायका शेकड्यावर पापड लाटू लागल्या आणि त्या मजुरीला कोणता कायदा लागू, हा प्रश्न आम्ही युनियनमध्ये आलो तेव्हाही अनुत्तरितच होता. असो, तो आजचा विषय नव्हे.

आजचा विषय कढी. मराठी माणसाची कढी ताकाची. तिला बेसन लावायचे ते ताक फुटू नये म्हणून, चिमूटभर. सिंधी कढीत ताकाचा थेंब नसतो. तीत बेसनच मुख्य. तेलात मेथी-जिरे तडतडले की बेसन घालून ते तांबूस होईपर्यंत परतायचे. घाई केली की कच्चा वास राहतो आणि जास्त वेळ ठेवले की करपते. सगळे कसब एवढ्यातच. मग गरम पाणी, हळद, मीठ, आणि मंद आचेवर बराच वेळ उकळी. त्यात गवार, बटाटा, शेवग्याच्या शेंगा, तळलेली भेंडी, बाजारात जे स्वस्त असेल ते. आंबटपणाला चिंच किंवा आमसूल. रविवारी ही कढी, पांढरा भात आणि बटाट्याचे तळलेले ‘टुक’ असा बेत कित्येक सिंधी घरांत असतो.

निर्वासिताच्या घरी दुभते जनावर कोठून असणार? पण ही कढी दुधाची मिंधी नाही. आणि तिला लागणारे आमसूल तर आमच्या कोकणचे! सिंधच्या कढीत रत्नागिरीची आंबट सोले पडली, आणि कोणी ठराव केला नाही, समन्वयाचे भाषण केले नाही. वाण्याकडे जे होते ते पडले. आम्ही पाहिलेले पदार्थांचे बहुतेक सारे मीलन असेच झालेले आहे. आधी टंचाई, मग शेजार, आणि कौतुक सर्वांत शेवटी.

येथे कोणी म्हणेल, ‘सिंधी लोकांचे ठीक, पण आमचे जे पूर्वापार आहे ते तरी शुद्ध आहे ना?’ त्यांनी महाशिवरात्रीला अंबरनाथच्या जत्रेला यावे. लाखांनी माणसे येतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना साबुदाण्याच्या खिचडीची पातेली लागतात. ती खिचडी तपासू. साबुदाणा मूळचा मलायाकडचा. ‘सागू’ हा शब्दच तिकडला, तेथल्या सागूच्या ताडाचा. जपानने मलाया घेतल्यावर तो माल यायचा थांबला आणि १९४३ च्या सुमारास सेलमच्या बाजूला टॅपिओका नावाच्या कंदापासून साबुदाणा होऊ लागला. तो कंद दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणे, बटाटा, मिरची हीही तिकडचीच, पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आलेली. म्हणजे शंकराच्या उपवासाला आपण जे खातो त्यातले जिरे आणि तूप सोडले तर सारे परदेशी! ज्या युद्धाने कल्याणच्या माळावर बराकी बांधल्या, त्याच युद्धाने आपल्या साबुदाण्याचे गाव बदलले. उपवास मात्र मोडला नाही. तो मोडू नये हेच बरे. आमची आई कडक शिवरात्र करीत असे आणि आम्हाला त्या खिचडीवाचून चैन पडत नाही.

तेव्हा पदार्थ सहज प्रवास करतो. माणसाचे तसे नाही.

पंगत हा शब्द आपण प्रेमाने उच्चारतो. पण पंगत म्हणजे ओळ, आणि ओळ म्हटली की कोण ओळीत आणि कोण ओळीबाहेर, हा प्रश्न आलाच. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, त्यानंतर परिषदेला आलेली माणसे मंडपात जेवत असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि ते अन्न मातीत मिसळले गेले. पाण्याची कथा सर्वांना पाठ आहे. त्या अन्नाची आठवण फारसे कोणी काढत नाही. अनंत हरी गद्रे यांनी ‘झुणका-भाकर सत्यनारायण’ सुरू केला. पूजेला दलित दांपत्य बसवायचे, आणि प्रसाद शिऱ्याऐवजी झुणका-भाकरीचा, सर्वांनी एकत्र खायचा. अत्र्यांनी त्यांना ‘समतानंद’ म्हटले. गद्र्यांची दृष्टी तीक्ष्ण होती. प्रसाद नाकारणे कठीण असते, हे त्यांनी ओळखले होते.

सिंधी समाजाने आपल्याबरोबर आणखी एक गोष्ट आणली, ती लंगर. सिंधी हिंदूंपैकी पुष्कळ नानकपंथी. त्यांच्या दरबारांत गुरुग्रंथसाहेब असतो आणि जेवण खाली बसून, येईल त्याला. चेटीचंडला केशरी गोड भात, ज्याला ते ‘ताहिरी’ म्हणतात, आणि त्याबरोबर चणे वाटले जातात. लहानपणी आम्ही अंबरनाथहून चालत उल्हासनगरला त्यासाठी जात असू. नाव, गाव, बाप काय करतो, कोणी विचारले नाही. आम्हाला याचे इतके नवल वाटे की परत येऊन पुन्हा रांगेत बसत असू.

अंबरनाथला कारखाने होतेच. स्वीडिश मालकीच्या कंपनीचा काड्यापेटीचा कारखाना १९२० च्या दशकातला. १९५० च्या दशकात संरक्षण खात्याचे कारखाने आले आणि पुढे औद्योगिक वसाहती. त्यांच्याबरोबर एक नवीनच पंगत आली. तिचे यजमानपद कायद्याकडे होते. १९४८ च्या कारखाने कायद्याचे ४६ वे कलम असे होते की २५० हून अधिक कामगार असतील तेथे कँटीन हवे. दर ना नफा ना तोटा, आणि देखरेखीला समिती. तिच्यात निम्मे सभासद मालकाचे, निम्मे कामगारांनी निवडलेले. निवडून आलेले दोनांहून कमी नसत, पाचांहून अधिक नसत. श्रोत्यांना हसू येईल, पण आम्ही पहिली निवडणूक लढवली ती या समितीची, आणि प्रचाराचा मुद्दा होता आमटीचा पातळपणा.

या कँटीनमध्ये सारा हिंदुस्थान एका बाकावर येई. कोकणातल्याला भात, घाटावरच्याला भाकरी, उत्तरेकडच्याला रोटी. आमच्या आगरी बांधवांना सुकट-बोंबलावाचून जेवण झाले असे वाटत नसे. डब्यातून ते आले की शेजारचे बाक रिकामे होई. या सर्वांना एका भांड्यातून देता येईल असे काय? दह्याचा खर्च कँटीनला परवडत नव्हता. तेव्हा बुधवारी बेसनाची कढी आली. पाच किलो बेसन आणि तीस किलो जाडा तांदूळ यांत तीनशे पाने उठतात. सिंधी माणूस या कढीबरोबर लांब, मोकळा दाणा मागतो. पण आम्ही सांगतो, ही कढी प्यावी ती आमच्या जाड्या भाताने! ठाणे जिल्ह्यात या कढीचे लग्न झाले ते याच भाताशी.

आता कोंडीकडे येतो.

नव्वदीच्या दशकात आमच्या भागातल्या एका कारखान्यात टाळेबंदी झाली. नाव घेत नाही. पगार नाही म्हणून कँटीन नाही, म्हणून आम्ही दारासमोर ताडपत्री बांधून चूल पेटवली. उल्हासनगरच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने तांदूळ दिला. त्यांना आम्ही शेठ म्हणत असू. दह्याला पैसे नाहीत म्हटल्यावर शेठ म्हणाले, “दही कशाला पाहिजे? बेसन भाजा.” भाजणार कोण? तेव्हा रुळापलीकडच्या वस्तीतल्या एक मावशी पुढे आल्या. त्यांचा नवरा त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे होता. मावशींच्या हातची कढी आम्ही कॅम्पातही क्वचित खाल्ली असेल. कोठे शिकलात, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “कॅम्पात भांडी घासते ना, तिथं. आत येऊ देत नाहीत. पण मोरीवरून चूल दिसते.”

श्रोतेहो, सिंधची कढी ठाणे जिल्ह्यात कोणत्या वाटेने आली, याचे उत्तर आम्हाला त्या दिवशी मिळाले. ती मोरीवाटे आली. जिला उंबरठ्याच्या आत घेत नव्हते, तिनेच ती उंबरठ्याबाहेर आणली.

तिसऱ्या दिवशी बारा जण जेवले नाहीत. एकाचे पोट बिघडले होते, एकाचा उपवास होता. वार कोणताच नव्हता. कारण सर्वांना ठाऊक होते, बोलत कोणी नव्हते. रात्री समिती बसली. चिटणीस आम्ही. एक जण म्हणाला, “लढा मोठा की कढी मोठी?” हा प्रश्न ऐकायला फार शहाणपणाचा वाटतो. त्या रात्री आम्हालाही वाटला. बारा माणसे फुटली तर मालकाला हवेच होते. सकाळी आम्ही मावशींकडे गेलो आणि म्हणालो, “उद्यापासून भाजी चिरायला या. डाव दुसऱ्याकडे देतो, तुमच्यावर फार ताण पडतो.” ताणाची गोष्ट आम्ही वाटेत सुचवून घेतली होती. मावशी म्हणाल्या, “बरं, भाऊ.” त्या दिवशी त्यांनी गवार मोडली. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, पुढेही आल्या नाहीत. नव्या आचाऱ्याच्या कढीला बेसनाचा कच्चा वास होता. ती बाराही जणांनी खाल्ली.

शेठ मात्र कोणाच्याही हातचे जेवत, आमच्याबरोबर जमिनीवर बसत. आम्ही त्यांना मोठे सुधारक समजत असू. पुढे त्यांच्या दुकानी गेलो तेव्हा हमालांसाठी कोपऱ्यात निराळे पेले दिसले. लंगरात खाली बसलेला तोच माणूस, आणि गल्ल्यावर बसलेलाही तोच. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आमच्याकडे उरला नव्हता. कारण टाळेबंदी तडजोडीने उठल्यावर युनियनच्या अहवालात आम्ही लिहिले होते, ‘लढ्याच्या काळात कामगारांची एकजूट अभेद्य राहिली.’ ते वाक्य आमच्या अक्षरात अजून कपाटात आहे.

त्यानंतर एकेक कारखाना आटला, कायम कामगार कमी झाले, ठेकेदारी वाढली. कँटीनचा आचारी कारखान्याचा कामगार की ठेकेदाराचा, यावर कज्जे झाले. १९९९ साली इंडियन पेट्रोकेमिकल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की असा कामगार कारखाने कायद्यापुरता कारखान्याचा, बाकी बाबतींत नव्हे. म्हणजे स्वयंपाक करणाराला निम्मी ओळ मिळाली.

आणि आता आमच्या गावांतल्या हळदीला, वाढदिवसाला, गणपतीतल्या सार्वजनिक जेवणाला एक नवाच पाहुणा असतो, चायनीज. मुंबईत १९७५ साली क्रिकेट क्लबमध्ये नेल्सन वाँग यांनी मंचुरियन केले, असे सांगतात. वाँग मूळचे कलकत्त्याचे. मंचुरियाला या पदार्थाची खबर नाही. पण कोबी स्वस्त, भात आदल्या दिवशीचा चालतो, आणि सॉसच्या दोन बाटल्यांत पन्नास माणसांची चव जमते. कँटीनच्या हिशेबाला हा पदार्थ अगदी आपलाच वाटतो. बदलापूरच्या बाजूला एका हळदीत आम्ही एकाच ताटात तांदळाचे वडे, मंचुरियन आणि सिंधी कढी पाहिली. यजमान आगरी, भांडी उल्हासनगरची, कढईवरचा पोरगा नेपाळचा.

तेथे पंगत नव्हती. लोक उभ्याने जेवत होते. ओळ मोडली, तिच्याबरोबर ओळीचे पापही मोडले, असे म्हणण्याचा आम्हालाही मोह झाला. नेपाळच्या पोराची जात खरोखरच कोणी विचारली नाही. मग रात्री दोनला त्याच्याशी बोललो. दिवसाची मजुरी ठरलेली नव्हती, भविष्यनिर्वाह निधी हा शब्द त्याने ऐकला नव्हता, आणि जेवण? ते सर्व आटोपल्यावर, मांडवामागे, उरले तर. त्याचे नाव आम्ही वहीत लिहून घेतले. ठेकेदाराने त्याला दुसऱ्या आठवड्यात कर्जतकडे हलवले.

मावशी आता बदलापूरला असतात. मुलीबरोबर घरगुती खानावळ चालवतात; बाहेरच्या पाटीवर खडूने रोजचा बेत लिहिलेला असतो आणि बुधवारी ‘कढी-भात’. आमचे त्या बाजूला काम निघाले की आम्ही बुधवार साधतो. त्या आम्हाला ओळखतात. त्या दिवसांबद्दल आम्ही एकदा बोलायला गेलो, तेव्हा त्यांनी भाताचे पातेले पुढे सरकवले आणि म्हणाल्या, “बेसन आज जरा जास्त भाजलं गेलंय, भाऊ. बघा.” आम्ही पाहिले. बरोबर भाजले होते.